जुना ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा तापतो: रेडिएटर उतरवण्याआधी काय तपासावे आणि उतरवायचाच असेल तर कसा

लक्षणे

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तापू लागले की लक्षणे सहसा एकेकटी येत नाहीत. तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकतो, टोपणाजवळच्या बारीक नळीतून वाफ आणि पाणी बाहेर पडते, रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालावे लागते आणि तरीही जमिनीवर गळतीचा थेंब दिसत नाही. रेडिएटरच्या जाळीवर हिरवट किंवा पांढरे डाग पडतात. टोपण उघडले की तळ दिसू नये इतके तपकिरी पाणी आत असते. इंजिन ओढीला कमी पडते, चढावर ठकठक आवाज येतो आणि कामाच्या मध्यावर ट्रॅक्टर बांधावर उभा करून ठेवावा लागतो.

यातली दोन लक्षणे वेगळी काढावीत, कारण ती दिसल्यावर पुढच्या साध्या तपासण्यांना अर्थ उरत नाही. ऑइलच्या कांडीवर दुधाळ, चहासारखा फेस दिसणे हे एक, आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येणे हे दुसरे. दोन्हींचा अर्थ पाणी आणि ऑइल कुठेतरी एकत्र येत आहेत असा होतो. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करू नये.

ही माहिती पाण्याने थंड होणाऱ्या, साधारण ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी आहे. महिंद्रा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, फोर्ड ३६०० ही त्यांतली आपल्याकडची ओळखीची नावे. एका सिलिंडरचे जुने आयशर हवेने थंड होतात आणि त्यांना रेडिएटरच नसतो, त्यामुळे ते तापले तर कारणे निराळी शोधावी लागतात.

ट्रॅक्टर तापला की पहिला संशय रेडिएटरवर जातो आणि बहुतेक जण लगेच तो उतरवायला घेतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरांवरून सांगायचे तर रेडिएटर हा या यादीत शेवटी येतो. तो उतरवताना गंजलेले बोल्ट तुटतात, पितळी नळीचे तोंड वाकते, नवे होस पाइप घ्यावे लागतात, आणि एवढे करून दोष पंख्याच्या ढिल्या पट्ट्यात होता असे निघाले तर सगळा खर्च वाया जातो. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, मग शे-दोनशे रुपयांच्या आणि त्यांतून काहीच हाती लागले नाही तरच रेडिएटर खाली.

ट्रॅक्टर केव्हा तापतो, हे आधी ठरवावे

हत्यार हातात घेण्यापूर्वी एक दिवस नुसते निरीक्षण करावे. मळणी यंत्रावर एका जागी उभा असताना तापतो आणि रस्त्याने रिकामा पळताना काटा खाली येतो, तर बहुधा हवेचा दोष आहे: जाळीत भुसा अडकलेला असतो, पट्टा घसरतो किंवा पंखा हवा ओढत नाही. उभ्या ट्रॅक्टरला वाऱ्याचा आधार नसतो, सगळी हवा पंख्यानेच खेचायची असते.

याउलट उभा असताना शांत राहतो, पण नांगरट, रोटाव्हेटर किंवा उसाची भरलेली ट्रॉली लागली की वीस-पंचवीस मिनिटांत काटा चढतो, तर पाणी पुरेसे फिरत नसावे. नळ्यांत क्षार बसलेला असतो, खालचा होस दबतो किंवा पंपाची पाती झिजलेली असते. थंड इंजिन सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच उकळी फुटत असेल तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले आहे. ही विभागणी शंभर टक्के अचूक नसते, पण कोणत्या टोकाकडून सुरुवात करायची ते तिच्यावरून कळते.

काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. जुन्या ट्रॅक्टरांचे तापमानाचे मीटर दोन्ही बाजूंनी चुकतात. लांबून तापमान दाखवणारी लेझर बंदूक आता सहज मिळते. ती थर्मोस्टॅटच्या घरावर धरून पाहावी, मात्र चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर धरली तर ती प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. रंगवलेल्या किंवा काळ्या पडलेल्या भागावर धरावी. सर्वसाधारण कामात पाणी ७५ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर इंजिनाची तक्रार नाही, मीटरची आहे.

हात लावण्यापूर्वी

गरम रेडिएटरचे टोपण उघडू नये. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात किंवा चेहरा भाजतो. टोपणामुळे आत दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. टोपण फिरवताच दाब जातो आणि त्याच क्षणी सगळे पाणी उकळून वर येते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त थांबावे, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर हात टेकवता आला पाहिजे. मग जाड पोत्याची घडी टोपणावर ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुसफुस थांबल्यावर पूर्ण काढावे.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. बिडाचे हेड आणि ब्लॉक एका बाजूने अचानक आकुंचन पावले की तडा जातो, आणि मग रेडिएटरचा प्रश्न किरकोळ वाटेल एवढा खर्च समोर येतो. शेतात काटा चढला आणि आत पाणी शिल्लक असेल तर भार काढून इंजिन हळू गतीवर काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते. पाणी सगळे गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे.

फुकटच्या तपासण्या

पहिली तपासणी पाण्याच्या पातळीची, आणि ती सकाळी थंड इंजिनावरच करावी. पाणी टोपणाच्या तोंडापर्यंत काठोकाठ भरणे ही सर्वत्र दिसणारी सवय आहे. तापल्यावर पाणी फुगते, वरचे पाणी बाहेर पडते आणि मालकाला वाटते की ट्रॅक्टर पाणी पितो. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून, पण आतल्या नळ्यांची टोके बुडतील इतके पाणी भरावे. तीन दिवस ओळीने पातळी तपासावी. ती एका ठिकाणी येऊन थांबत असेल तर गळती नाही.

त्यानंतर जाळी. मळणीचा भुसा, उसाची कूस, गाजरगवताचे तुरे आणि त्यांवर डिझेल-ऑइलचा ओशट थर असे मिश्रण पत्र्यांच्या मध्ये घट्ट बसते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, कारण कचरा पुढच्या पत्र्यांच्या मागे असतो. रात्री इंजिन बंद असताना पंख्याच्या बाजूने टॉर्च धरावा आणि समोरून पाहावे. उजेड जिथून आरपार येत नाही तिथून हवाही जात नाही. साफ करताना हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने मारावे, म्हणजे ज्या वाटेने कचरा आत आला त्याच वाटेने तो बाहेर पडेल. समोरून जोरात पाणी मारले तर तो आणखी आत ठासला जातो. गाडी धुण्याच्या केंद्रातला मोठ्या दाबाचा फवारा जवळून मारू नये, पातळ पत्रे आडवे पडतात आणि मग हवेची वाट कायमचीच बंद होते. ओशटपणा असेल तर कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी शिंपडून अर्धा तास ठेवावे आणि साध्या नळाने धुवावे. वाकलेले पत्रे बोथट पट्टीने सरळ करता येतात. काम कंटाळवाणे आहे, पण निम्मे तापणारे ट्रॅक्टर एवढ्यावरच ताळ्यावर येतात.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. दोन चाकांमधल्या सर्वांत लांब भागावर तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर ढिला आहे. फार ताणलेला पट्टाही चांगला नाही, त्याने पंपाचे आणि डायनामोचे बेअरिंग जाते. पट्टा ताठ असूनही घसरू शकतो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हा पट्टा खाचेच्या दोन तिरप्या बाजूंवर पकड घेतो. झिजून तो खाचेच्या तळाला टेकला की कितीही ताणला तरी घसरतो. बाजू काचेसारख्या गुळगुळीत दिसत असतील तर तो बदलावा.

पंखा हवा ओढतो का, हे पाहण्यासाठी इंजिन सुरू करून ट्रॅक्टरच्या समोर उभे राहावे आणि पुढच्या जाळीवर वहीचा कागद धरावा. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत पंखा समोरून हवा खेचतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटला पाहिजे. तो जेमतेमच चिकटत असेल तर इंजिन उघडले गेले तेव्हा पंखा उलटा बसवला गेला असण्याची शक्यता आहे, उलटा पंखा हवा त्याच दिशेने पण कमी ओढतो. ही चूक वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा सापडते. पंख्याभोवतीचा पत्र्याचा काऊल काढून फेकून दिला असेल तर तो परत बसवावा. काऊल नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

टोपण ही स्वस्तातली वस्तू आहे आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा ७ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे माप) आसपासचे टोपण असते, आकडा टोपणावरच कोरलेला असतो. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. ७ पीएसआयचे टोपण नीट बसले तर तेच पाणी रेडिएटरमध्ये सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबरी वायसर कडक झाले, स्प्रिंग मरगळली किंवा टोपण हरवले म्हणून कापडाचा बोळा कोंबला, तर मे महिन्यात भार ओढताना लागणारे हे बारा अंश हातातून जातात. टोपणाच्या मध्यभागी एक लहान झडप असते, इंजिन थंड होताना ती बाहेरची हवा आत घेते. ती अडकली तर थंड झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसतो. मूळ आकड्यापेक्षा जास्त दाबाचे टोपण लावण्याचा मोह टाळावा, जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे तो दाब सोसत नाहीत.

होस पाइप नुसता पाहू नये, दाबून पाहावा. वरचा होस फुगलेला किंवा चिरलेला असेल तर तो डोळ्यांना दिसतो. खालचा फसवा असतो. पंप त्यातून पाणी ओढतो, त्यामुळे आतून मऊ पडलेला होस हळू गतीवर ठीक राहतो आणि इंजिन वाढवले की चपटा होतो. पंख्यापासून दूर उभे राहून, दुसऱ्या माणसाला इंजिन वाढवायला सांगून त्याच्याकडे नजर ठेवावी. काही खालच्या होसमध्ये आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली असेल तर नवी घालावी, नुसता होस बदलून भागत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे तापणाऱ्या ट्रॅक्टरवरचा पहिला सल्ला "तो काढूनच टाका" असा असतो. काढला की काही दिवस बरे वाटते, म्हणून सल्ला टिकून आहे. पण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हिवाळ्यात आणि हलक्या कामात कधीच पुरेसे तापत नाही, डिझेल अपुरे जळते, ऑइलमध्ये काजळी आणि ओल वाढते आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची आतली आडवाट बंद होते. तो काढला तर ही आडवाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो. म्हणजे तापू नये म्हणून काढलेला थर्मोस्टॅट तापण्याचे कारण बनतो.

त्याची तपासणी घरी होते. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात तळाला न टेकवता लोंबता ठेवावा, शेजारी तापमापी धरावी आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, जुन्या इंजिनांत बहुधा ७० ते ८२ अंशांच्या दरम्यान, झडप हलू लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. पाणी उकळले तरी ती बंदच असेल किंवा थंडीतही उघडी असेल, तर नवा घ्यावा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी आणि पॅकिंग नवे वापरावे.

पाण्याचा पंप, ज्याला बहुतेक मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. तिथून थेंब पडत असेल तर आतले सील गेले आहे. ते भोक स्क्रू मारून बुजवलेले मी पाहिले आहे. त्याने थेंब थांबतो, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पुढे एक दिवस पंखा सुटून थेट रेडिएटरमध्ये घुसतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने पुढे-मागे हलवून पाहावा. खटखट जाणवली तर पंप दुरुस्तीला द्यावा. सील आणि बेअरिंग दाबून बसवण्यासाठी प्रेस लागतो, हातोड्याने ठोकून ते काम नीट होत नाही.

हेड गॅस्केटची खात्री करूनच रेडिएटरकडे वळावे. इंजिन थंड असताना पट्टा काढावा, म्हणजे पंप फिरणार नाही. पाणी तोंडापर्यंत भरावे, टोपण उघडे ठेवावे आणि इंजिन अर्धा मिनिट चालवावे, एक मिनिटाच्या वर नाही. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. अशा इंजिनाला नवा कोरा रेडिएटर लावला तरी ते तापणारच. ऑइलमध्ये पाण्याचा संशय असेल तर ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, ऑइल चेंबरचा खालचा नट थोडा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे आधी तेच बाहेर येते. इथे थांबावे आणि हेड उघडणाऱ्या अनुभवी मिस्त्रीला बोलवावे. हेड समतल करणे, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या ताणाने बोल्ट आवळणे हे अंदाजाने करायचे काम नाही.

दोष रेडिएटरचाच आहे, हे कशावरून म्हणावे

वरचे सगळे ठीक असताना ट्रॅक्टर भाराखाली तापत असेल, तर रेडिएटर आतून बुजला असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या बेसाल्टच्या खडकातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. अंघोळीच्या बंबात आतून जसा पांढरा थर चढतो, तसाच तो इथे नळ्यांच्या आत आणि लायनरच्या बाहेरच्या अंगावर चढतो. वर्षानुवर्षे रोज नवे पाणी घातले की रोज नवा क्षार आत येतो, म्हणून गळका ट्रॅक्टर लवकर बुजतो.

याच्या तीन खुणा आहेत. भाराखाली काम केल्यावर लगेच लेझर बंदुकीने जाळीवर ठिकठिकाणी मोजले असता काही पट्टे स्पष्टपणे थंड लागतात, कारण त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. वरच्या आणि खालच्या टाकीच्या तापमानात चांगल्या रेडिएटरमध्ये साधारण ६ ते १२ अंशांचा फरक पडतो, तो वीसच्या पुढे गेला असेल तर पाणी फार हळू उतरते आहे. तिसरी खूण पाणी मोजण्याची. या वर्गातल्या ट्रॅक्टरमध्ये रेडिएटर आणि इंजिन मिळून साधारण ८ ते १२ लिटर पाणी मावते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. पूर्ण रिकामे करून मापाने भरल्यावर दीड-दोन लिटर कमी मावत असेल तर ती जागा क्षाराने आणि गाळाने व्यापली आहे.

उतरवण्यापूर्वी एकदा आतून धुऊन पाहण्यास हरकत नाही, पण रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तरच. ओशटपणा असल्यास आधी धुण्याच्या सोड्याचे पाणी, ते काढून स्वच्छ धुतल्यावर क्षारासाठी लिटरला सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, तासभर हलक्या गतीवर, मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी. संडास साफ करण्याचे ॲसिड कदापि घालू नये. ते क्षाराबरोबर सांध्यांची झाळही खाते. गळतीसाठी हळद टाकण्याचा उपाय रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरला घरापर्यंत आणतो हे खरे आहे, पण ती हळद ज्या भोकात बसते तशीच अरुंद झालेल्या नळ्यांतही बसते.

रेडिएटर उतरवणे

काम सपाट, सावलीच्या जागी घ्यावे. हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि बॅटरीची ऋण तार काढावी. बॉनेट काढताना हेडलाइटच्या तारा ओढल्या जातात आणि उघड्या तारेची ठिणगी डिझेलच्या जवळ नको असते. गंजलेल्या खालच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. एवढ्या एका गोष्टीने दुसऱ्या दिवशीची निम्मी कटकट वाचते.

पाणी खालच्या तोटीतून बादलीत काढावे आणि वरचे टोपण उघडे ठेवावे, नाहीतर धार अडखळते. तोटी पूर्ण उघडूनही धार येत नसेल तर तारेने आतला गाळ हलवावा. इंजिनाच्या ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असतो, तोही उघडावा. तिथला गाळ कोणी काढत नाही, आणि नवा रेडिएटर लावल्यावर तोच सुटून नव्या नळ्यांत जाऊन बसतो. पाण्यात कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे रसायन) असेल तर बादली झाकून ठेवावी. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते, त्यामुळे ते अंगणात ओतू नये आणि गुरांच्या हौदाजवळ तर मुळीच नेऊ नये.

बॉनेट आणि पुढची जाळी काढल्यावर आतली मांडणी मॉडेलनुसार बदलते. काहींत डिझेलची टाकी बॉनेटखाली इंजिनावरच बसलेली असते आणि तिचे पट्टे सैल केल्याशिवाय हात पोहोचत नाही. काहींत एअर क्लीनरची नळी आडवी येते, पॉवर स्टिअरिंग असलेल्यांत ऑइल कूलर रेडिएटरच्या समोर असतो. काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. काढलेले बोल्ट त्यांच्या वायसरसह त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवले तर परत बसवताना शोधाशोध होत नाही.

होस पाइपच्या क्लिपा सैल करून मागे सरकवाव्यात. होस वर्षानुवर्षे तोंडाला चिकटलेला असतो. त्याला पेचकस घालून उचकटू नये किंवा पान्याने पिळू नये, कारण रेडिएटरचे पितळी तोंड टाकीला नुसते झाळलेले असते आणि पिळ बसला की सांधा फाटतो. पात्याने होस लांबीत चिरावा आणि सोलून काढावा. जुन्या होसची किंमत तोंड पुन्हा झाळण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

काऊल रेडिएटरला चार-सहा बोल्टांनी धरलेला असतो. तो सोडवून पंख्यावर मागे ढकलून ठेवावा. तरीही जागा मिळत नसेल तर पंख्याची पाती काढावीत, पण आधी पुढच्या तोंडावर खडूने खूण करावी, म्हणजे ती उलटी बसणार नाहीत. वरच्या टाकीपासून इंजिनाकडे जाणारा आधाराचा गज सोडवावा. मग खालचे बोल्ट. इथे घाई केली की बोल्ट तुटतो. रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा, आडव्या तोंडाच्या पान्याने डोके गोल होते. बोल्ट थोडा सुटून अडला तर परत आवळून, तेल मारून, पुन्हा सोडवावा. असे मागे-पुढे करत तो निघतो. शेगडी किंवा गॅसची ज्योत लावून सोडवण्याचा विचार इथे करू नये, शेजारी रबर, झाळ आणि डिझेलची नळी असते. बोल्ट पुढच्या बिडाच्या खांबातच तुटला तर थांबावे. तो ड्रिल करून काढणे आणि नवे आटे पाडणे हे लेथवाल्याचे काम आहे, बिडात तिरपे भोक पडले तर ते सुधारणे फार महागात जाते.

खालचे रबरी पॅड कुठे आणि किती होते ते पाहून ठेवावे. ते रेडिएटरला इंजिनाच्या हादऱ्यांपासून वाचवतात. पॅडशिवाय थेट लोखंडावर आवळलेला रेडिएटर काही महिन्यांतच खालच्या सांध्याला चिरतो, आणि त्याच ठिकाणी वारंवार झाळ द्यावी लागत असेल तर कारण बहुधा हेच असते. पंखा आणि जाळी यांच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवावा आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून रेडिएटर सरळ वर उचलावा. रिकामा असला तरी तो जड असतो. जाळीला धरू नये, बाजूच्या पट्ट्या धराव्यात. ठेवतानाही उभा ठेवावा.

खाली आल्यावर पुढे काय

खालचे तोंड तळहाताने बंद करून रेडिएटर पाण्याने भरावा आणि हात झटकन काढावा. तोंडभर लोटासारखी धार पडून तो काही क्षणांत रिकामा झाला तर नळ्या मोकळ्या आहेत. धार लवकरच बारीक होऊन रेंगाळली तर त्या बुजलेल्या आहेत. गळती शोधताना दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करून, रेडिएटर हौदात बुडवून सायकलच्या पंपाने हवा भरावी आणि दाब टोपणावर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे नेऊ नये. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभर पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब असतो, ती हवा थेट सोडली तर टाकी फुगून सांधे उघडतात.

इथून पुढे घरचे काम संपते. बुजलेल्या नळ्यांसाठी वरची टाकी उकलून प्रत्येक नळीतून चपटी सळई फिरवावी लागते, आणि हे रेडिएटरच्या कारागिरानेच करावे. नळ्या मुळापाशी, म्हणजे टाकीच्या पत्र्याला जिथे जोडल्या आहेत तिथे गळत असतील, किंवा बऱ्याच नळ्या कायमच्या बंद करण्याची वेळ आली असेल, तर मूळ टाक्या ठेवून मधला कोर (नळ्या आणि जाळीचा भाग) नवा बसवून घेणे परवडते. दुरुस्तीला देताना टाकीवर आपली खूण कोरावी आणि छायाचित्र काढावे. जुना तांब्या-पितळेचा कोर भंगारातही चांगल्या भावाने जातो, त्यामुळे बदललेला कोर परत मागून घ्यावा. स्वस्त म्हणून दुसऱ्या मॉडेलचा, कमी जाडीचा रेडिएटर ठोकून बसवू नये. तो नांगरटीच्या पहिल्याच दिवशी अपुरा पडतो.

परत बसवताना क्रम उलटा, पॅड नवे, होस नवे, क्लिपा नव्या. ब्लॉकमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ लावून धुवावे आणि मगच जोडणी करावी. भरण्यासाठी विहिरीचे पाणी वापरू नये. बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी, किंवा ते परवडत नसेल तर स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी घ्यावे आणि त्यात डब्यावर दिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळावे. आपल्या हवेत गोठण्याची भीती नाही, तरी कूलंट लागते ते गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. भरताना बारीक धारेने भरावे, नाहीतर हवा आत अडकते आणि नव्या रेडिएटरवरही काटा चढतो. टोपण उघडे ठेवून इंजिन हळू गतीवर चालवावे. वरचा होस अचानक गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, त्या वेळी पातळी खाली जाते, तेवढे पाणी घालून टोपण लावावे. पहिल्या दिवशी हलके काम घ्यावे. संध्याकाळी ट्रॅक्टर थंड झाल्यावर होसच्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात, कारण नवे रबर तापून बसले की त्या थोड्या सैल होतात, आणि पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहावी.